हरणाच्या नजरेतला खाकी शर्ट

नोटा तपासण्यासाठी दुकानदार वापरतात तसला एक अतिनील टॉर्च गेल्या महिन्यात मी पुण्यातल्या तपकीर गल्लीतून घेऊन आलो आणि त्याच रात्री खोलीतले दिवे मालवून तो माझ्या जंगलात घालायच्या खाकी शर्टावर धरला. हा शर्ट वाळलेल्या गवतात मिसळून जातो, या भरवशावर मी तो भीमाशंकर, रेहेकुरी आणि ताडोबा अशा सगळ्या ठिकाणी गेली सहा वर्षे घालत आलो होतो. टॉर्चखाली तो खाकी राहिलाच नाही. कॉलर, खांदे आणि खिशांच्या पट्ट्या निळसर पांढऱ्या उजेडाने झळकू लागल्या आणि शिवणीचा दोरा तर रेघ ओढावी तसा ठळक दिसू लागला. काळी राहिली ती फक्त बटणे. शेजारी ठेवलेला, कधीच साबण न लागलेला गोणपाटाचा तुकडा मात्र अंधारात तसाच पडून होता.

हा खटाटोप करण्याचे कारण माझा मावसभाऊ. तो अमेरिकेत विस्कॉन्सिन राज्यात राहतो आणि तिथे नोव्हेंबरमध्ये हरणांच्या शिकारीचा परवानाधारक हंगाम असतो. व्हिडिओ कॉलवर त्याने मला आपले जाकीट दाखवले, ते डोळ्यांत खुपेल इतके भडक नारिंगी होते. ‘अरे, एवढा रंग हरणाला दिसत नाही का?’ असे मी विचारले. तो म्हणाला, ‘दादा, हा रंग दुसऱ्या शिकाऱ्याला दिसावा म्हणून घालायचा, नाहीतर झाडीत काहीतरी हललं म्हणून तो गोळी घालायचा. हरणाला त्याचं काही नाही.’ तिथे कमरेच्या वरच्या बाह्य कपड्यांपैकी किमान ५० टक्के भाग असा भडक असावा, असा कायदाच आहे. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीला बंदी आहे आणि ती असावी, याबद्दल माझ्या मनात किंतु नाही. पण मचाणावर बसून हरणे पाहणाऱ्यालाही हाच प्रश्न लागू पडतो, म्हणून मी तो धरून ठेवला.

आपल्या दृष्टिपटलावर रंग ओळखणाऱ्या शंकूपेशी तीन प्रकारच्या असतात. हरणाच्या डोळ्यात त्या दोनच प्रकारच्या असतात. पांढऱ्या शेपटीचे अमेरिकी हरीण आणि फॅलो हरीण यांच्यावर केलेले मोजमाप १९९४ मध्ये प्रसिद्ध झाले. भूल दिलेल्या हरणांच्या बुबुळावर कॉन्टॅक्ट लेन्ससारखा इलेक्ट्रोड बसवून, वेगवेगळ्या रंगांचा प्रकाश लुकलुकत टाकून डोळ्याचा प्रतिसाद नोंदवण्यात आला. एक शंकूपेशी सुमारे ४५० ते ४६० नॅनोमीटर तरंगलांबीला, म्हणजे निळ्या प्रकाशाला सर्वाधिक प्रतिसाद देते आणि दुसरी सुमारे ५४० नॅनोमीटरला, म्हणजे हिरव्या प्रकाशाला. लाल-नारिंगी पट्ट्यासाठी आपल्याकडे असलेली तिसरी पेशी तिथे नाहीच. चितळ आणि सांबर याच कुळातले. शिवाय गाय, शेळी, घोडा या खुरवाल्या जनावरांच्या डोळ्यांतही दोनच प्रकारच्या शंकूपेशी असतात. त्यामुळे नारिंगी आणि गवताचा हिरवा हे दोन रंग हरणाला एकाच मळकट पिवळ्या-तपकिरी पट्ट्यात दिसत असणार आणि गर्द लाल तर जवळजवळ काळपटच दिसत असणार.

हे मला आकड्यांपेक्षा माझ्या भाच्यामुळे अधिक समजले, कारण त्याला जन्मापासून लाल-हिरव्यातला फरक कळत नाही. मे महिन्यात प्रभात रस्त्यावरून जाताना गुलमोहर फुलला आहे हे त्याला लांबून कळत नाही; झाडाखाली पाकळ्यांचा सडा पायांना लागला की तो म्हणतो, ‘मामा, हे फुललंय होय?’ पण दूरच्या गच्चीवर वाळत घातलेल्या दहा कपड्यांतली निळी ओढणी तो माझ्याआधी दाखवतो. हरणाची दृष्टी म्हणजे माणसाचे रंगांधळेपण नव्हे, पण त्या दिशेने विचार करायला मला याहून चांगली वाट सापडली नाही.

वाघाच्या रंगाचे कोडेही इथेच सुटते. इतका झळझळीत नारिंगी प्राणी हिरव्या रानात लपतो कसा, हा प्रश्न प्रत्येक लहान मूल विचारते. ब्रिस्टल विद्यापीठातील संशोधकांनी २०१९ मध्ये संगणकाच्या साहाय्याने दाखवून दिले की दोनच शंकूपेशी असलेल्या डोळ्याला तो नारिंगी रंग हिरव्यासारखाच दिसतो. सस्तन प्राण्यांच्या केसांत हिरवे रंगद्रव्य तयार होत नाही आणि चितळाच्या डोळ्यापुढे वाघाला त्याची गरजही पडत नाही.

आता शर्टाकडे वळतो. बाजारातल्या बहुतेक धुण्याच्या पावडरींत कपडे पांढरेशुभ्र दिसावेत म्हणून चकाकी आणणारी द्रव्ये घातलेली असतात. आपल्या आयांच्या पिढीने टिनोपॉल वेगळे आणून बादलीत घातले, आता ते पावडरीतच येते. ही द्रव्ये डोळ्याला न दिसणारे अतिनील किरण शोषून घेतात आणि तीच ऊर्जा साधारण ४२० ते ४७० नॅनोमीटरच्या निळ्या प्रकाशाच्या रूपाने बाहेर टाकतात. हरणाची निळी शंकूपेशी सर्वाधिक तल्लख असते ती नेमक्या याच पट्ट्यात. म्हणजे आपण गवताच्या रंगाचा शर्ट शोधून, पैसे मोजून घेतो आणि दर आठवड्याला मशीनमध्ये घालून त्यावर हरणाला सर्वांत चांगला दिसणारा रंग आपल्याच हातांनी चढवतो. शर्टाच्या दिसण्यात आपल्याला काहीच फरक जाणवत नाही, कारण खाकी रंगाखाली ती चमक आपल्या डोळ्याला दबून जाते.

भर दुपारच्या उन्हात या चमकेने फार मोठा फरक पडत असेल असे मला वाटत नाही. पण पाणवठ्यावर हरणे येतात ती पहाटे आणि सांजावताना, आणि सूर्य क्षितिजाखाली असताना उरलेल्या उजेडात निळ्या प्रकाशाचा वाटा वाढलेला असतो. झाडाच्या दाट सावलीतही, थेट ऊन नसल्याने, आकाशाकडून येणारा निळा आणि अतिनील प्रकाशच जास्त असतो. त्यातच हरणाच्या डोळ्यात दृष्टिपटलामागे टॅपेटम नावाचा परावर्तक पडदा असतो, रात्री टॉर्चच्या झोतात डोळे चमकतात ते त्याच्यामुळे. दृष्टिपटलातून निसटलेला प्रकाश हा पडदा परत त्यावर टाकतो आणि मंद उजेडात पेशींना दुसरी संधी मिळते. उत्तर ध्रुवाकडच्या रेनडिअरमध्ये तर या पडद्याचा रंग उन्हाळ्यात सोनेरी आणि अंधाऱ्या हिवाळ्यात निळा होतो. मला ही निसर्गातल्या अतिशय सुंदर गोष्टींपैकी एक वाटते.

या सगळ्याचा विचार करता सर्वांत वाईट पोशाख कोणता, तर जीन्स आणि पांढरा टी-शर्ट. पुण्याहून निघालेल्या प्रत्येक गटात निम्मी माणसे निळ्या जीन्समध्ये असतात. लाल टोपी घातलेल्याला सगळे टोकतात आणि जीन्सबद्दल कुणी चकार शब्द काढत नाही. हरणाच्या दृष्टीने पाहिले तर टोकायला हवे ते जीन्सवाल्याला.

मग आपणही विस्कॉन्सिनसारखे नारिंगी जाकीट घालून मचाणावर बसावे का? माझे उत्तर स्पष्ट नकार असे आहे, आणि त्याचे कारण वानर आहे. आपल्या रानात चितळ एकटे चरत नाही. वर झाडावर वानरांची टोळी असते आणि खाली तिने पाडलेला पाला खात चितळे फिरतात. वानराच्या डोळ्यात आपल्यासारख्याच तीन प्रकारच्या शंकूपेशी असतात, त्यामुळे त्याला नारिंगी रंग आपल्याइतकाच भडक दिसतो. मोर आणि टिटवी यांना तर रंग ओळखणाऱ्या चार प्रकारच्या शंकूपेशी लाभलेल्या आहेत. वानराने एकदा खाकरून इशारा दिला की चितळ शेपटी उभारते, पाय आपटते आणि पाहता पाहता पाणवठा रिकामा होतो. भडक कपडे घालू नका हा आपल्या अभयारण्यांतला नियम म्हणूनच योग्य आहे, मात्र तो जितका हरणासाठी आहे तितकाच किंवा त्याहून अधिक झाडावरच्या पहारेकऱ्यासाठी आहे, असे माझे मत झाले आहे.

पानाफांद्यांची बारीक छपाई असलेल्या कपड्यांवर पैसे घालवण्यात मला फारसा अर्थ दिसत नाही. हरणाला बारीक तपशील माणसापेक्षा बराच कमी स्पष्ट दिसतो. ती नाजूक पाने थोड्या अंतरावरून एकमेकांत मिसळून त्यांचा एकच सपाट डाग होत असणार. त्याउलट हालचाल टिपण्यात त्याचा हात कुणी धरणार नाही. डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंना, बाहुली आडवी, आणि मान न वळवता सभोवतालचा सुमारे ३०० अंशांचा परिसर नजरेत. पाण्याच्या बाटलीसाठी उचललेला हात शर्टाच्या कोणत्याही रंगापेक्षा आधी दिसतो, आणि वारा आपल्याकडून त्याच्याकडे वाहत असेल तर कपड्यांची चर्चाच व्यर्थ आहे.

एकदा बसलेली चमक साध्या धुण्याने जात नाही, हे मी जुना शर्ट चार वेळा रिठ्याने धुऊन पाहिले. शेवटी मांजरपाट आणला, खळ निघेपर्यंत तो धुतला आणि हिरड्याच्या काढ्यात व नंतर काथात बुडवून त्याला मातकट तपकिरी रंग दिला. नवे कापड घेतानाही टॉर्च बरोबर न्यावा, कारण गिरणीतून येतानाच अनेक कापडांवर ही द्रव्ये चढवलेली असतात; आणि टॉर्च ३६५ नॅनोमीटरचा घ्यावा, कारण ३९५ नॅनोमीटरच्या टॉर्चमध्ये जांभळा उजेडच इतका दिसतो की कापडाची चमक कोणती आणि टॉर्चची कोणती हे कळेनासे होते.

सदाशिव पेठेतल्या आमच्या शिंपीकाकांनी त्या मांजरपाटाचा शर्ट शिवून दिला तेव्हा मी तो घरी आणून अंधारात टॉर्चखाली धरला. कापड पूर्ण काळे राहिले, पण खांद्यांवरून, बाह्यांवरून आणि खिशाच्या कडेने निळ्या रेघा उजळल्या, कारण दोरा पॉलिस्टरचा होता. काकांना मी ते दुकानाचे शटर अर्धे ओढून दाखवले. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवून बराच वेळ त्या रेघा न्याहाळल्या, मग मागच्या खणातून सुती दोऱ्याचे जुने तपकिरी रीळ काढले, त्यावर टॉर्च मारून पाहिला आणि म्हणाले, ‘हा चालेल. सोमवारी या, उसवून परत शिवतो.’