तुम्ही विचारलंत म्हणून: हे परवडतं कसं?

माझा नागपुरात सुती कुर्त्यांचा छोटा धंदा आहे. बोलण्यात ‘पॅटागोनिया’ या अमेरिकन कपड्यांच्या कंपनीचे संस्थापक इव्हॉन शुनार्ड यांचं नाव आलं की लोक हमखास विचारतात, “त्यांनी 2022 मध्ये अख्खी कंपनी पर्यावरणासाठी देऊन टाकली. तेवढं आधी कमवायला तर हवं! छोट्या धंद्याला हे कसं परवडायचं?”

ते दान मोठंच आहे. पण माझा त्यांच्यावर जीव जडला तो खूप आधीच्या निर्णयांमुळे. शुनार्ड मूळचे कडे चढणारे. स्वतः भट्टीवर पोलाद ठोकून पिटॉन बनवायचे, म्हणजे खडकाच्या भेगेत हातोडीने ठोकायच्या खुंट्या. धंद्याची बरीचशी मदार त्यावरच होती. पण त्याच त्या भेगांत ठोकून-उपटून कडे खराब होतायत हे त्यांनी पाहिलं आणि 1972 च्या कॅटलॉगातून गिऱ्हाइकांनाच सांगितलं: हातोडी सोडा, भेगेत हाताने बसणारे आणि हातानेच निघणारे अ‍ॅल्युमिनियमचे ठोकळे, म्हणजे चोक, वापरा. चालता माल असा आपणहून मागे घ्यायला छाती लागते.

कापसाची गोष्ट तर मला घरचीच वाटते. 1988 मध्ये बोस्टनच्या त्यांच्या नव्या दुकानात कर्मचाऱ्यांची डोकी दुखू लागली. सुती कपड्यांवरच्या प्रक्रियेतलं फॉर्मल्डिहाइड हवेत साचत होतं. हवा खेळती करून विषय मिटवता आला असता. पण हा कापूस पिकतो कसा, इथपर्यंत ते मागे गेले आणि 1996 पासून सगळा सुती माल सेंद्रिय कापसाचा केला. त्यासाठी जिनिंगवाल्यांना, सूतगिरण्यांना विनवावं लागलं, की आमच्या थोड्याशा कापसासाठी यंत्रं साफ करा, तो दुसऱ्यात मिसळू देऊ नका. लहान ऑर्डर घेऊन गिरणीच्या दारात उभं राहिलेल्यालाच यातली दमछाक कळेल.

2017 मध्ये आमच्या यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून जास्त शेतकरी-शेतमजूर दगावले. त्यानंतर ‘कापूस कुठला?’ हे न विचारता तागा उचलणं मला जमेना. सेंद्रिय कापड महाग पडतं. म्हणून मी डिझाइन्स कमी केली, छापील पिशव्या बंद केल्या, सेल लावणं सोडलं. शिवणाऱ्या बायकांची नगावरची मजुरी मात्र घासाघीस करून खाली आणली नाही. मजुरी शनिवारी हातात पडते, मग दुकानदाराकडून माझे पैसे आलेले असोत वा नसोत. काज तुटलं, शिवण उसवली तर कुर्ता परत आणा, फुकट दुरुस्त करून देते. नफा कमी राहतो, हे खरंच आहे. पण घर चालतं, आणि धंदाही.

धंदा सुरू करायचा म्हणून कुणी सल्ला मागायला आलं, तर देणगीचा विषय मी काढतच नाही. कापड कुणाकडून घेणार, शिवणारीला नगामागे किती देणार आणि कोणत्या वारी देणार, एवढं आधी कागदावर मांडायला सांगते.