वेणीचा एक पेड

आज सकाळी नर्सिंगच्या सेकंड इयरच्या मुलींना ओरेम शिकवली. नर्सिंगची सिद्धांतकार डोरोथिया ओरेम म्हणते, माणूस मुळात स्वतःची काळजी स्वतः घेणारा. त्याचं बळ जिथे कमी पडेल तेवढ्यापुरतीच नर्स. काही तो करतो, काही नर्स, त्याला तिचं नाव 'पार्टली कॉम्पेन्सेटरी'. दुसरी सिद्धांतकार मार्था रॉजर्स, तिने तर १९७० मध्ये माणसाला ऊर्जाक्षेत्रच ठरवलं, तुकड्यांत न मोडणारं. (इथे मागच्या बाकावर जांभया. माझ्या वेळी मीही दिल्या होत्या.)

दुपारी वॉर्डात गेले तर हॅण्डओव्हर चालू, ड्युटी बदलताना पेशंटची माहिती देणं: "सात नंबरचा पॅरालिसिस, फीडिंग झालं." घ्या! तत्त्वज्ञ देकार्त जिंकला. देह म्हणजे यंत्र, आणि यंत्राला नंबर.

त्या सात नंबरच्या आजी एका चालत्या हाताने वेणी घालायची खटपट करत होत्या. माझ्या विद्यार्थिनीने पटकन फणी घेतली, तर म्हणाल्या, "राहू दे गं बाई. पेड तेवढा धर, बाकी माझं मी बघते."

पोरगी पेड धरून दहा मिनिटं उभी. वेणी वाकडीच झाली. रबर मात्र आजींनी दातांत धरून स्वतःच लावलं.

बाहेर आल्यावर ती हळूच म्हणाली, "मॅडम, हेच ना ते पार्टली कॉम्पेन्सेटरी?"