लूपमधले बॉरो चेकरचे एरर: माझा अनुभव

सर्व्हरचे लॉग चाळून कुठल्या आयपीवरून किती रिक्वेस्ट आल्या हे मोजणारी एक पायथन स्क्रिप्ट माझ्याकडे होती. फाइली वाढत गेल्या तशी ती रेंगाळायला लागली, म्हणून रस्ट या भाषेत नव्याने लिहायला घेतली. सिंटॅक्स पटकन अंगवळणी पडला. गाडी अडली ती लूपपाशी, बॉरो चेकरवर: कुठली व्हॅल्यू कुणाच्या मालकीची आणि कोण ती उसनी (बॉरो) घेतंय हे तपासणारा कंपायलरचा भाग.

पहिला एरर किरकोळ होता. फाइलींच्या व्हेक्टरवर (यादीवर) फॉर लूप फिरवला आणि शेवटी एकूण किती फाइली ते छापायला त्याच व्हेक्टरची लांबी मागितली. लगेच ई0382: मूव्ह झालेली, म्हणजे मालकी दुसरीकडे गेलेली व्हॅल्यू वापरताय. फॉर लूप आतल्या आत इंटू-इटर ही मेथड बोलावतो आणि ती अख्खा व्हेक्टरच ताब्यात घेते. नावाआधी & लावा (म्हणजे मालकी न घेता नुसता रेफरन्स), असं कंपायलरनेच सुचवलं. लावलं, विषय संपला.

खरा तिढा ओळी वाचताना पडला. दर ओळीला नवी स्ट्रिंग नको म्हणून लूपच्या बाहेर एकच बफर ठेवला होता. प्रत्येक फेरीत तो रिकामा करायचा, त्यात पुढची ओळ वाचायची, पहिला शब्द म्हणजे आयपी, तो हॅशमॅपमध्ये (की आणि तिच्यासमोर आकडा अशी नोंदवही) 'की' म्हणून टाकायचा. उत्तर आलं ई0502, म्हणजे वाचायला उसनी दिलेली व्हॅल्यू त्याच वेळी बदलता येत नाही. बफर रिकामा करणाऱ्या ओळीखाली 'म्युटेबल बॉरो' (बदलायला उसनी), आणि तिच्याही खाली, 'की' कापून घेणाऱ्या ओळीवर 'इम्युटेबल बॉरो' (नुसती वाचायला). हे मला उलटंच वाटलं. रिकामं तर आधी करतोय, 'की' नंतर कापतोय, मग भांडण कसलं? पण लूपमध्ये वरची ओळ खालच्या ओळीनंतरही चालते. मागच्या फेरीतली की मॅपमध्ये बसून बफरकडे बोट दाखवत असते आणि मी तोच बफर पुसायला निघालेलो असतो. सी भाषेत हे बिनबोभाट कंपाइल झालं असतं आणि आकडे भलतेच आले असते.

तेव्हापासून लूपमधला असा एरर आला की लूपची बॉडी दोनदा, एकाखाली एक लिहिली आहे असं समजून वाचतो. बहुतेक वेळा वाद पहिल्या प्रतीच्या तळाचा आणि दुसरीच्या माथ्याचा निघतो.

उपाय म्हणजे 'की' स्वतःच्या मालकीची करणं. मॅपची एंट्री मेथड वापरली तर मालकीची स्ट्रिंग आधीच हातात द्यावी लागते, म्हणजे दर ओळीला ॲलोकेशन (नवी मेमरी घेणं). मग एकच बफर ठेवण्यात काय अर्थ? म्हणून आधी गेट-म्यूटने शोधायचं, सापडलं तर आकडा वाढवायचा, नाही तर टू-ओन्डने मालकीची प्रत करून इन्सर्ट. नवी स्ट्रिंग फक्त नव्या आयपीला. हे आज निमूट कंपाइल होतं. रस्ट 2018 च्या आधी त्याच मॅपला पुन्हा हात लावला म्हणून यावरही एरर यायचा. नॉन-लेक्सिकल लाइफटाइम्स (बॉरो शेवटच्या वापरापर्यंतच धरायचा) आले आणि ती कटकट मिटली. पूर्ण मात्र नाही. हाच तुकडा वेगळ्या फंक्शनमध्ये नेऊन सापडलेला रेफरन्स रिटर्न करायला गेलो तर ई0499 (एकाच वेळी दोन म्युटेबल बॉरो) आला. कोडमध्ये काहीच धोका नसताना. पोलोनियस नावाचं बॉरो चेकरचं नवं विश्लेषण अशाच केसेससाठी आहे. मी फंक्शनचा नाद सोडला.

शेवटी प्रत्येक फाइलला एक थ्रेड (समांतर चालणारं काम) दिला. सगळ्या थ्रेडना तेच कॉन्फिग हवं होतं आणि क्लोजरवर (थ्रेडला दिलेल्या निनावी फंक्शनवर) 'मूव्ह' लिहिलेलं. या वेळी मेसेज इतका स्पष्ट होता की दुसरी प्रत मनात आणायचीही गरज पडली नाही: व्हॅल्यू लूपच्या मागच्या फेरीतच क्लोजरमध्ये गेली. नेटवर बहुतेक जण इथे आर्क (मालकी अनेक थ्रेडमध्ये वाटून देणारं वेष्टन) गुंडाळून दर फेरीला त्याचा क्लोन घ्यायला सांगतात. चालतं ते. पण माझे थ्रेड मेन संपण्याआधीच आटोपणारे होते, त्यामुळे रस्ट 1.63 पासून आलेलं थ्रेड-स्कोप (आतले सगळे थ्रेड संपेपर्यंत थांबणारं) सरळ पडलं. स्कोपच्या बाहेर कॉन्फिगचा एक रेफरन्स घेतला. रेफरन्स कॉपी होतो, म्हणून प्रत्येक फेरीत तोच बिनदिक्कत 'मूव्ह' करता येतो. आर्कची ओळ काढून टाकली.