जुनी गाणी वाजवणारा अ‍ॅम्प

फोनवर तक्रार आली ती अशी : "अ‍ॅम्प जुनी गाणी मस्त वाजवतो, नवी लावली की बंद पडतो. बातम्या दिवसभर चालतात." कोथरूडमधले एक निवृत्त काका. त्यांचं हे वाक्य ऐकून अ‍ॅम्प विकणारा हसला होता, त्यांचा भाचाही हसला होता. विकणाऱ्याने अ‍ॅम्प बदलून दिला, तर नवाही तसाच वागला. मग निकाल लागला : स्पीकर शॉर्ट आहेत, नवे घ्या.

सवा पाच इंची वूफरचे, ६ ओहमचे बुकशेल्फ स्पीकर टीव्हीच्या दोन्ही बाजूंच्या फळ्यांवर होते. अ‍ॅम्प मात्र टीव्हीजवळ नव्हता, तो होता दाराजवळच्या कपाटात, कारण इंटीरियरवाल्यांना वायर दिसलेली खपत नाही. कपाटात भिंतीवर चार टर्मिनलची प्लेट, लाल-काळा, लाल-काळा, आणि पुढचं सगळं भिंतीतल्या पाइपातून. आधीचा अ‍ॅम्प जुन्या पद्धतीचा क्लास-एबी, जड ट्रान्सफॉर्मरवाला. तो याच वायरिंगवर वर्षानुवर्षं चालला. तो गेल्यावर तळहाताएवढा क्लास-डी, म्हणजे नव्या स्विचिंग पद्धतीचा अ‍ॅम्प आला, २४ व्होल्टच्या अडॅप्टरवर चालणारा.

नेहमीचे संशयित आधी बघून घेतले. स्पीकर मल्टिमीटरवर ५.१ ओहम दाखवत होते. ६ ओहमच्या स्पीकरला हे ठीक. टर्मिनलला कुठे तारेचा केस सुटून शेजाऱ्याला चिकटलेला नव्हता. स्पीकर खाली काढून वीतभर वायरने थेट अ‍ॅम्पला जोडले, मोठ्या आवाजात वाजवले, अडॅप्टरचं व्होल्टेजही बसलं नाही. म्हणजे अ‍ॅम्प निर्दोष, स्पीकर निर्दोष, दोष भिंतीत. पण भिंतीतल्या डाव्या जोडीत लाल-काळा शॉर्ट नाही, उजव्यातही नाही. इथपर्यंत सगळेच तपासतात आणि 'वायर ओके' म्हणून मोकळे होतात.

पुन्हा प्लेटला जोडून काकांचंच म्हणणं पडताळलं. बातम्या चालल्या. पन्नास-साठच्या दशकातली भावगीतं चढ्या आवाजात निवांत चालली. अलीकडचं सिनेमाचं गाणं लावलं आणि प्रील्यूड संपायच्या आत लाल दिवा लागून अ‍ॅम्प गप्प. मग फोनच्या अ‍ॅक्सेसिबिलिटी सेटिंगमध्ये जाऊन 'मोनो ऑडिओ' चालू केलं, म्हणजे डाव्या-उजव्या स्पीकरला एकच सिग्नल, आणि तेच गाणं तेवढ्याच आवाजात परत लावलं. शेवटपर्यंत वाजलं.

जुनी भावगीतं मोनो, बातम्यांचं निवेदनही जवळजवळ मोनोच. काका शब्दश: खरं बोलत होते.

दोन्ही टोकांकडून सगळं सोडवून डावा काळा आणि उजवा काळा यांच्यात मीटर लावला तर बीप, म्हणजे दोन्ही काळ्या एकमेकींना जोडलेल्या. प्लेट उघडली. पुढून चार टर्मिनल, मागे आलेल्या वायरी तीनच. दोन लाल, एक काळी, आणि दोन काळ्या टर्मिनलमध्ये बोटभर लांबीचा तुकडा टाकून लूप मारलेला. टीव्हीमागच्या बॉक्समध्ये तीच काळी वायर टेपखाली पिळून दोन्हीकडे फोडलेली. वायरमनने मायनस कॉमन केला होता आणि एक वायर वाचवली होती.

जुन्या अ‍ॅम्पला हे चालतं, कारण त्याचे दोन्ही मायनस आत एकाच ग्राउंडला जोडलेले असतात. या छोट्या अ‍ॅम्पमध्ये टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सची टीपीए ३११६ किंवा तिच्या जातीची चिप असते आणि ती ब्रिज पद्धतीने चालते. काळं टर्मिनल तिथे ग्राउंड नसतंच. लाल टर्मिनल वर जातं तेव्हा काळं खाली जातं, दोघंही स्पीकर ढकलतात. मीटरचा काळा प्रोब अडॅप्टरच्या मायनसवर आणि लाल प्रोब स्पीकरच्या 'मायनस'वर ठेवला तर गाणं बंद असतानाही साधारण १२ व्होल्ट दिसले, म्हणजे पुरवठ्याच्या निम्मे. भाच्याला तेच दाखवलं, मग तो गप्प बसला.

आता दोन मायनस एकत्र बांधले आणि दोन्हीकडे तोच सिग्नल असला, तर दोघं एकसाथ वर-खाली होतात, फरक शून्य, करंट नाही. स्टिरिओत डावीकडे व्हायोलिन, उजवीकडे ढोलकी आली की एक मायनस ९ व्होल्टवर, दुसरा १४ वर, आणि मधे ओहमच्या अंशाएवढाही रेझिस्टन्स नसलेला बोटभर तुकडा. चिप स्वत:ला वाचवायला बंद होते. तिने केलं ते बरोबरच केलं.

दुरुस्ती म्हणजे हमालीच. तपकीर गल्लीच्या इलेक्ट्रिकल बाजारातून ७०/७६ स्पीकर वायर आणली : ७० तारा, प्रत्येक ०.००७६ इंच जाडीची, मिळून सुमारे २ चौरस मिमी तांबं. विकत घेताना एक तार ब्लेडने खरवडून बघायची. आत पांढरी निघाली तर ते तांब्याचा मुलामा दिलेलं अ‍ॅल्युमिनियम, आणि तशी वायर या बाजारात तांब्याच्या भावाने सर्रास खपवतात. ८ मीटर लांबीला जाऊन-येऊन रेझिस्टन्स ०.१३ ओहमच्या आसपास पडतो, ६ ओहमला भरपूर झालं. जुन्या वायरींना नव्या दोन जोड्या हुक करून, टेप निमुळता गुंडाळून, टाल्कम पावडर चोळून ओढल्या. एकाने इकडून ढकलायचं, दुसऱ्याने तिकडून खेचायचं, झटका द्यायचा नाही. वाटेत कुठेही जोड न ठेवता वायर सरळ स्पीकरपर्यंत नेली. नंतर प्लेटवर दीड व्होल्टचा सेल क्षणभर टेकवला : प्लसला प्लस लागल्यावर दोन्ही वूफर बाहेर आले पाहिजेत. आले.

जागेबद्दल फार बोलण्यासारखं नाही. पोर्ट (बेससाठीचं डब्याचं भोक) मागे असल्यामुळे फळीच्या काठापर्यंत स्पीकर पुढे ओढले, तरीही बेस घुमत होता म्हणून पोर्टमध्ये फोमचे बोळे बसवले. ट्वीटर, म्हणजे बारीक सुरांचा छोटा स्पीकर, कानाच्या बराच वर होता, तेव्हा मागच्या बाजूला रबर घालून स्पीकर किंचित पुढे झुकवले.

मला अजून पटत नाही ते वायरमनला दोषी धरणं. त्या दिवशीच्या अ‍ॅम्पला त्याचं काम चुकीचं नव्हतं. चीड येते ती दुसऱ्याच गोष्टीची. ब्रिज अ‍ॅम्पच्या मायनसवरही काळाच रंग आणि तीच वजाची खूण छापतात, आणि 'मायनस कॉमन करू नका' ही सूचना असलीच तर बारीक इंग्रजीत. घरी तपासायचं तर अ‍ॅम्प बंद करून, सगळ्या वायरी काढून त्याच्या दोन काळ्या टर्मिनलमध्ये मीटर लावा. बीप आली तर मायनस आत कॉमन आहेत. नाही आली तर तो ब्रिजच समजा आणि स्पीकर सिलेक्टरच्या डब्यांपासून त्याला लांब ठेवा. त्यातल्या बऱ्याच डब्यांत मायनस आतून जोडलेलेच असतात.

भाच्याने आता सबवूफर घ्यायचं काढलंय. स्पीकर टर्मिनलवरून सिग्नल घेणारा घेतला तर त्याचे दोन मायनस आत एक असण्याचीच शक्यता जास्त, म्हणजे हीच कथा परत. मी कळवलंय, अ‍ॅम्पला 'सब आउट' आहे, तिथून एक आरसीए केबल टाक. स्पीकर टर्मिनलला हात लावू नकोस. त्याचं उत्तर आलं, "पण डेमोच्या व्हिडिओत तर काळी वायर काळ्यालाच जोडलीय."