भरायचं की उचलायचं? माझा अनुभव

दोन बाळंतपणं, दोन्ही मुलांना मिळून साडेतीन वर्षं अंगावर पाजणं आणि त्यानंतर नेटाने उतरवलेलं चौदा किलो वजन. यातल्या कशाचाही मला पश्चात्ताप नाही. पण या सगळ्यानंतर माझी छाती ओघळली होती. ब्रा घातली की कपाच्या तळाशी कातडी घडी घालून ठेवल्यासारखी बसायची आणि वरचा भाग रिकामा राहायचा. कपडे बदलताना मी आरशाकडे पाठ करून उभी राहायला लागले होते, आणि हे मला बरेच महिने कळलंही नव्हतं.

काय करायचं ते मी मनाशी पक्कं केलं होतं : इम्प्लांट, म्हणजे छातीत सिलिकॉनची भरीव पिशवी बसवून घेणं. रिकामं झालंय तर भरायचं, एवढा सरळ हिशेब. लिफ्ट, म्हणजे ओघळलेली छाती वर उचलून बसवणं, हा शब्द ऐकला होता, पण ते वयस्कर बायकांचं ऑपरेशन असावं अशी माझी समजूत होती.

पहिल्या सर्जनकडे मी जेमतेम दहा मिनिटं होते. त्यांनी बसल्या बसल्याच पाहिलं आणि म्हणाले, "दोन्ही करून टाकू, इम्प्लांट आणि लिफ्ट, एकाच वेळी." इम्प्लांटच्या मापाचा सव्वातीनशे सीसी, म्हणजे मिलीलिटर, हा आकडाही सांगितला. दोन्ही कशाला, असं विचारल्यावर उत्तर आलं, "अशा केसमध्ये दोन्हीच करतात." कदाचित त्यांचं बरोबरही असेल. पण माझ्या शरीरात काय घालायचं हे इतक्या झटपट ठरावं, हे मला पटलं नाही. तारीख न घेताच घरी आले.

दुसऱ्या डॉक्टर ताईने शोधून दिल्या. त्यांनी मला सरळ उभं केलं, हात मोकळे सोडायला सांगितले आणि मोजपट्टी काढली. गळ्याच्या खाली, छातीचं हाड सुरू होतं तिथे खोबण असते. त्या खोबणीपासून स्तनाग्रापर्यंत उजवीकडे २६ सेंटीमीटर भरले, डावीकडे २७. मध्यम बांध्याच्या बाईत हे अंतर साधारण १९ ते २१ धरतात. मग त्यांनी स्तनाखालच्या घडीची पातळी पेनाने समोरच्या बाजूला उमटवली. माझी स्तनाग्रं त्या रेघेच्या चांगली दोन सेंटीमीटर खाली होती. स्तनाग्र घडीच्या पातळीला आलं असेल तर ओघळ पहिल्या पायरीचा. घडीखाली गेलंय, पण स्तनाच्या तळाच्या वर आहे, तर दुसऱ्या पायरीचा. अगदी तळाशी येऊन जमिनीकडे वळलं असेल तर तिसऱ्या. माझा दुसऱ्या पायरीचा होता. इतके दिवस नुसतं 'वाईट दिसतं' एवढंच मला म्हणता येत होतं. आता त्याला माप होतं, आणि ते कळल्यावर मला खरंच हायसं वाटलं.

मग त्यांनी मला आरशासमोर नेलं. "दोन्ही हातांनी उचलून धरा, जिथे असावेत असं वाटतं तिथे. आता सांगा, काय कमी आहे?"

मी धरलं, आणि बराच वेळ बघत राहिले. कमी काही नव्हतं. आकार पुरेसा होता, फक्त जागा चुकली होती.

हे घरी कुणीही करून बघावं. उचलून धरल्यावर मनासारखं दिसत असेल, तर प्रश्न जागेचा आहे. उचलूनही हातात काही येत नसेल, तर प्रश्न भरावाचा आहे. आणि काही जणींच्या बाबतीत दोन्ही खरं असतं. माझी एक मैत्रीण पहिल्यापासून अगदी सपाट छातीची. ओघळ नाहीच, कारण ओघळायला काही नव्हतं. तिने इम्प्लांट करून घेतले आणि ती मनापासून समाधानी आहे. मी तिचं बघून तेच मागायला निघाले होते, पण तिचा आणि माझा प्रश्नच वेगळा होता.

डॉक्टरांनी मला कागदावर आकृती काढून दाखवलं की स्तनाग्र घडीच्या खाली असताना नुसतं इम्प्लांट घातलं, तर इम्प्लांट वर छातीशी राहतं आणि स्वतःचा स्तन त्यावरून खाली लोंबतो. म्हणजे एकावर एक दोन फुगवटे. लिफ्टमध्ये बाहेरून काही घालत नाहीत. जास्तीची कातडी काढतात, आतला भाग वर घेऊन नवा आकार देतात, स्तनाग्र त्याच्या नसा-रक्तवाहिन्यांसकट वर सरकवतात. पण त्याने वरचा रिकामेपणा भरत नाही. ऑपरेशननंतर सुरुवातीला वर भरीवपणा दिसतो, तो काही महिन्यांत खाली बसतो. मला सगळ्यात जड गेलं ते हेच. उंच गळ्याचं आणि खोल गळ्याचं असं दोन्ही रूप मी मनात रंगवलं होतं. खोल गळ्याचं हवं असेल तर लिफ्ट आणि इम्प्लांट दोन्ही करावं लागणार होतं.

म्हणून मी 'दोन्ही'चा नीट विचार केला. बंद होणाऱ्या दोन पिशव्यांत मोजून अडीचशे मिली पाणी भरलं आणि मोठ्या मापाच्या ब्रात घालून तीन दिवस घरात वावरले. पहिल्या दिवशी आरशात छान दिसलं, खोटं कशाला सांगू. दुसऱ्या दिवशी धाकट्याच्या मागे जिना उतरताना ते वजन जाणवलं. सिलिकॉन जेलचा एक सीसी म्हणजे जवळपास एक ग्रॅम. जी कातडी आधीच हार मानून बसली होती, तिच्यावर आयुष्यभर पाव-पाव किलो टांगायचं. शिवाय एकत्र करताना दोन उलट गोष्टी एकाच कातडीला सांगायच्या : लिफ्ट तिला आवळतं, इम्प्लांट तिला ताणतं. अनेकींचं ते उत्तम होतं, पण दुरुस्तीसाठी परत टेबलावर जायची शक्यता एकेकट्या ऑपरेशनपेक्षा जास्त, हे डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. काही सर्जन म्हणूनच आधी लिफ्ट करतात आणि काही महिने थांबून मग इम्प्लांट.

नवऱ्याला मी विचारलं तेव्हा आधी म्हणाला, "मला काही फरक पडत नाही." मला ते लागलं. मला फरक पडतोय, हे त्याला दिसू नये? दुसऱ्या दिवशी तोच आपणहून म्हणाला, "तुला बरं वाटेल ते कर. फक्त हे एकदाच करायचं आहे की पुन्हा पुन्हा, एवढं आधी विचारून घे."

सगळा निर्णय शेवटी या प्रश्नापाशी आला. इम्प्लांट जन्मभराचं नसतं. ते फाटू शकतं, आणि सिलिकॉनचं फाटलं तर बऱ्याचदा बाहेरून कळतही नाही. म्हणून अमेरिकेचं अन्न व औषध प्रशासन पाच-सहा वर्षांनी पहिली एमआरआय किंवा सोनोग्राफी आणि पुढे दर दोन-तीन वर्षांनी तपासणी करायला सांगतं. शरीर त्याभोवती आवरण तयार करतं, ते कधी कधी आवळत जाऊन छाती कडक आणि दुखरी होते. खरबरीत पृष्ठभागाच्या इम्प्लांटशी एका दुर्मीळ लिम्फोमाचा, म्हणजे रोगप्रतिकारक पेशींच्या कर्करोगाचा, संबंध आढळला, आणि २०१९मध्ये त्यातला एक प्रकार जगभरातून परत मागवला गेला. २०२१मध्ये याच प्रशासनाने इम्प्लांटवर सर्वांत कडक दर्जाचा इशारा छापणं आणि ऑपरेशनआधी बाईसोबत एक तपासयादी मुद्द्यागणिक वाचणं बंधनकारक केलं. ती यादी मी मुलं झोपल्यावर जमिनीवर बसून वाचली. घाबरून नव्हे. ज्या बाईला इम्प्लांटची गरज आहे तिने हे जाणून घेऊन खुशाल करावं. माझी गरज हातांनी उचलूनच भागत होती, मग ही देखभाल कशासाठी पत्करायची?

लिफ्टची किंमत व्रणांत मोजायची असते. थोडा ओघळ असेल तर फक्त स्तनाग्राच्या गडद वर्तुळाभोवती काप घेतात. त्याहून जास्त असेल तर वर्तुळ आणि खाली उभी रेघ. माझ्यासारखी कातडी फार सैल असेल तर घडीतून आडवा कापही घेतात, म्हणजे जहाजाच्या नांगराच्या आकाराचा. डॉक्टरांनी माझा सिझेरियनचा व्रण निरखून पाहिला. तो बारीक, फिकट होता. तुमचे व्रण बरे भरतात, म्हणाल्या. स्तनाग्राची संवेदना कमी होऊ शकते, पुढे मूल झालं तर अंगावर पाजता येईलच असं नाही, हेही विचारून आणि सांगून झालं. आम्हाला तिसरं मूल नको होतं.

ठरलं, फक्त लिफ्ट. आधी मॅमोग्राफी झाली. वजन सहा महिने स्थिर असल्याची खात्री झाली. अ‍ॅस्पिरिनसारख्या गोळ्या बंद केल्या. तंबाखू-सिगारेटबद्दल तीन वेगवेगळ्या लोकांनी विचारलं, कारण निकोटीनने स्तनाग्राचा रक्तपुरवठाच धोक्यात येतो. ऑपरेशनच्या सकाळी उभं करून पेनाने रेघा आखल्या, आणि पुढचे तीन तास मला आठवत नाहीत.

सहा आठवडे रात्रंदिवस आधाराची ब्रा होती. दुखणं सोसण्यासारखं होतं. धाकट्याला उचलता येत नव्हतं, ते जास्त दुखायचं. शेवटी मी जमिनीवर बसायचे आणि तो आपला आपण मांडीत चढायचा. दुसऱ्या आठवड्यात उभी आणि आडवी रेघ मिळते त्या कोपऱ्यात जखम बोटाच्या पेरापेक्षा कमी उघडली. मी रडले. डॉक्टर म्हणाल्या, "याच जागी सगळ्यात जास्त ताण असतो, इथे असं होतं." ड्रेसिंग करत राहिलो आणि तीन आठवड्यांत ती भरली.

आता वर्ष झालं. परवा परत मोजपट्टी लागली : उजवीकडे साडेवीस, डावीकडे एकवीस. डाव्या स्तनाग्राची संवेदना अर्धीच परत आली आहे. उभी रेघ फिकट झाली, पण जखम उघडली होती तो कोपरा अजून जाडसर आणि लाल आहे. तिथे सिलिकॉनची पट्टी लावते. वरचा भाग सपाटच आहे, आधी सांगितल्याप्रमाणे.

"इम्प्लांटचं काय करायचं? आता दुसऱ्या टप्प्यात करता येईल," डॉक्टरांनी विचारलं. मी आरशात पाहिलं. या वेळी हात लावायची गरज नव्हती. नको म्हटलं, नव्या मॅमोग्राफीची चिठ्ठी घेतली आणि घरी आले.