आमची वाटचाल : एका गोंडोलाच्या मागे दोन उन्हाळे

आमची फर्म लहान आहे, चार माणसांची. मी, माझी बायको, धाकटा भाऊ आणि एक ड्रोन उडवणारा मुलगा जो आता घरातलाच झालाय. काम काय, तर बांधकामाचं फोटो-डॉक्युमेंटेशन, म्हणजे एखादी मोठी गोष्ट उभी राहत असते तेव्हा पहिल्या खड्ड्यापासून शेवटच्या नटापर्यंत तिचे फोटो, टाइमलॅप्स, ड्रोनचे नकाशे आणि दर आठवड्याचा रिपोर्ट. बरेच जण विचारतात की बिल्डिंगा सोडून तुम्ही बर्फातल्या रोपवेच्या कामात कसे शिरलात, प्रत्येकाला तुकड्यातुकड्यात सांगण्यापेक्षा एकदा नीट लिहून काढतो.

पहिली काही वर्षं आम्ही फक्त टाइमलॅप्स करायचो. गिऱ्हाइकाला उद्घाटनाच्या दिवशी पडद्यावर लावायला तीन मिनिटांचा व्हिडिओ हवा असायचा, बाकी काही नको. आम्हीही तेच काम समजायचो. दर १० मिनिटांनी एक फोटो, दिवसाचे १२ तास, म्हणजे रोजचे ७२ फोटो, आणि सेकंदाला २५ फोटो या हिशोबाने अख्ख्या दिवसाचे तीन सेकंदसुद्धा होत नाहीत. त्यात मजूर मुंग्यांसारखे पळतात, क्रेन गरागरा फिरते, बघायला छान वाटतं. पण पायाच्या आत सळई कशी बांधली होती हे त्यात कुठेच दिसत नाही, आणि त्या वेळी आम्हाला ते दिसायला हवं असं वाटतही नव्हतं.

मग एका स्की रिसॉर्टचं काम आलं. तिथली जुनी खुर्च्यांची लिफ्ट काढून त्या जागी १० माणसांच्या बंद केबिनचा गोंडोला बसवायचा होता, १४ टॉवर, खाली एक स्टेशन, वर एक स्टेशन. त्यांना वाटलं हे लोक व्हिडिओ चांगला करतात, यांना बोलवू. आम्ही हो म्हटलं आणि डोंगरावर गेल्यावर कळलं की इथे आपल्याला काहीच येत नाही.

पहिली गोष्ट म्हणजे वेळ. बर्फ वितळून जमीन मोकळी झाली की काम सुरू आणि नवा बर्फ पडायच्या आत बंद, मधे जे काही महिने मिळतील तेवढेच. त्यात पाऊस, धुकं, वारा. त्यामुळे पहिल्या उन्हाळ्यात लाइनची आखणी, झाडांचा पट्टा मोकळा करणं, खोदकाम आणि टॉवरचे पाये एवढंच धरलं होतं, टॉवर आणि दोर दुसऱ्या उन्हाळ्यात. इथे एक आठवडा गेला तर तो पुढच्या आठवड्यात भरून निघेलच असं नाही, कधीकधी सरळ पुढच्या वर्षावर जातो. हे ज्याने अंगावर घेतलंय त्यालाच कळतं.

दुसरी गोष्ट थंडी. दोन उन्हाळ्यांच्या मधला हिवाळाही कॅमेऱ्यात यायला हवा असं ठरलं होतं, म्हणून वरच्या स्टेशनच्या जागी आम्ही सोलर पॅनल आणि लिथियम बॅटरीवर कॅमेरा लावून खाली आलो. खाली सगळं टेस्ट केलं होतं, झकास चालत होतं. पण लिथियमच्या बॅटरीला शून्याच्या खाली चार्ज करता येत नाही, केलं तर आतल्या आत खराब होते, म्हणून तिचं स्वतःचंच सर्किट चार्जिंग बंद करतं. बाहेर लख्ख ऊन, पॅनलवर करंट तयार आणि बॅटरी घ्यायलाच तयार नाही! ११ दिवस कॅमेरा मेलेला होता आणि आम्हाला कळलंसुद्धा नाही, कारण मोडेमही त्याच बॅटरीवर. ते ११ दिवस आमच्या रेकॉर्डमध्ये आजही कोरे आहेत. त्यानंतर थंडीच्या साइटला आम्ही लेड-अॅसिड बॅटरी थर्माकोलने मढवलेल्या पेटीत ठेवतो, थंडीत तिची ताकदही बरीच कमी होते म्हणून गरजेच्या दुप्पट मोठी घेतो, आणि पॅनल जवळजवळ उभाच लावतो. उभ्या पॅनलवर बर्फ टिकत नाही आणि समोरच्या बर्फावरून उसळलेला उजेडही मिळतो. मोडेमला वेगळी बॅटरी. ही सगळी अक्कल त्या ११ दिवसांनी दिली.

पण आमचा धंदा खरा बदलला तो चार नंबरच्या टॉवरने.

टॉवरचा पाया असा असतो की खाली खडकापर्यंत खड्डा, त्यात सळयांचा पिंजरा, पिंजऱ्यात मधोमध जाडजूड अँकर बोल्टांचा गोल, वरून स्टीलची टेम्प्लेट लावलेली म्हणजे बोल्ट तसूभरही हलू नयेत, आणि पिंजऱ्याला जोडून अर्थिंगची पट्टी बाहेर काढलेली, कारण डोंगरावरच्या लोखंडी खांबावर वीज कधीही पडू शकते. मग काँक्रीट. रस्ता पोचत नाही तिथे काँक्रीट हेलिकॉप्टरने बकेटमधून येतं. १ घनमीटर काँक्रीट म्हणजे जवळपास २४०० किलो, तेव्हा एका पायाला किती फेऱ्या लागत असतील याचा अंदाज करा. शिवाय उंचावर हवा विरळ, दुपारी तापली की आणखी पातळ, हेलिकॉप्टरचं बळ कमी पडतं, म्हणून ही कामं पहाटे गारव्यात उरकतात. एकदा ओतकाम सुरू झालं की मधे थांबायचं नाही.

चार नंबरचं ओतकाम दुपारी ठरलं होतं, ते हवा बिघडणार म्हणून सकाळी सहावर आणलं. निरोप रात्री आला, आम्ही खाली गावात झोपलेलो, फोनला रेंज नाही. धावतपळत वर पोचलो तोवर पिंजरा काँक्रीटखाली गेलेला. मी मनात म्हटलं एकाचे फोटो नसले तर काय बिघडतंय, बाकी तेरांचे असतील की. तपासणीला आलेल्या इंजिनिअरबाईंनी मात्र फाइल उघडून एकेक पाया बघितला, चारवर थांबल्या आणि विचारलं, "अर्थिंग सळयांना जोडलंय हे कशावरून?" कंत्राटदाराचा सुपरवायझर म्हणाला जोडलंय मॅडम, मी स्वतः उभा होतो. त्या शांतपणे म्हणाल्या, "तुम्ही खरंच बोलत असाल, पण तीस वर्षांनी इथे जो माणूस उभा असेल त्याला तुम्ही भेटणार नाही आहात."

शेवटी पायाची एक बाजू हाताने खणून काँक्रीट थोडं फोडून जोड दाखवावा लागला, मग ते परत भरून घेतलं. दोन दिवस गेले. खणायला धाकटा आणि मी पण उतरलो, कुणी सांगितलं नव्हतं, पण बाजूला उभं राहवेना. जोड व्यवस्थित होता. सुपरवायझर खरंच बोलत होता आणि आमच्याकडे एक फोटो नसल्यामुळे त्या माणसाच्या शब्दावर शंका आली, हे मला फार लागलं.

त्या रात्री धाकटा म्हणाला, "दादा, आपण दिसणाऱ्या गोष्टींचे फोटो काढतोय. त्या तर कुणीही उद्या येऊन बघेल. झाकलं जाणाऱ्याचे काढायला पाहिजेत." मला वाटतं आमच्या फर्मचा खरा जन्म त्या वाक्याचा. दुसऱ्या दिवसापासून नियम केला की ओतकामाच्या आदल्या रात्री आमचा एक माणूस वर साइटवरच झोपेल, तंबू असो नाहीतर कंटेनर. प्रत्येक फोटोत खडूने लिहिलेली पाटी, त्यावर टॉवरचा नंबर, तारीख, वेळ. शेजारी टेप उलगडून ठेवलेला, म्हणजे माप फोटोतच. आणि लाइनची वरची दिशा दाखवणारा बाण, कारण बोल्टांचा गोल सगळीकडून सारखाच दिसतो, नंतर कळत नाही की डोंगराची बाजू कुठली. बायकोने या सगळ्याची अशी फाइल लावली की नंबर टाकला की त्या पायाचे सगळे फोटो ओतकामाच्या आधी आणि नंतर असे समोर. ही साधी वाटणारी फाइलच आज आमचा मुख्य माल आहे.

दुसऱ्या उन्हाळ्यात तिचा उपयोग झाला. टॉवर उभे करायच्या आधी ११ नंबरच्या एका बोल्टाबद्दल शंका निघाली, वर दिसणारी लांबी बाकीच्यांपेक्षा जरा कमी होती, म्हणजे तो आत खोल बसलाय की मुळात आखूड आलाय? आखूड असता तर पाया बाद. फाइलमधे टेपसकट फोटो होता, ओतकामापूर्वी बोल्ट पूर्ण लांबीचा आणि तळाची प्लेट जागेवर, फक्त थोडा खाली बसलेला. अर्ध्या तासात विषय संपला. सुपरवायझरने येऊन माझा हात हातात घेतला, काही बोलला नाही.

टॉवर चढवण्याचे दिवस तर बघण्यासारखे. खाली मैदानात भाग ओळीने मांडलेले, हेलिकॉप्टर एकेक उचलून आणतं, वर टॉवरला चिकटलेली माणसं वाट बघत असतात. भाग खाली येताना लगेच हात लावायचा नाही, आधी तो खालच्या लोखंडाला टेकू द्यायचा, कारण पंख्यांमुळे लटकत्या वजनावर स्थिर वीज साठते आणि जोरदार झटका बसतो. टेकला की पिना, मग बोल्ट, मग हुक सुटतो, की हेलिकॉप्टर पुढच्या फेरीला. त्या वाऱ्यात आमचा ड्रोन उडवणं शक्यच नाही आणि परवानगीही नसते, सगळं लांबून मोठ्या लेन्सने.

आणि मग दोराचा दिवस. यावर थोडं जास्त लिहिणार आहे कारण मला आयुष्यात एवढं सुंदर काम क्वचित बघायला मिळालंय.

गोंडोलाचा दोर म्हणजे एकच अखंड वेढा, खालच्या स्टेशनच्या मोठ्या चाकावरून वर आणि वरच्या चाकावरून खाली. आधी एक हलकी दोरी सगळ्या टॉवरांवरून ओढून घेतात, तिला बांधून जाड, तिला बांधून आणखी जाड, असं करत करत मुख्य वायररोप येतो. मग त्याची दोन टोकं एकमेकांत जोडायची. गाठ नाही, क्लॅम्प नाही, वेल्डिंग नाही. जोड दोराच्या व्यासाच्या साधारण १२०० पट लांब ठेवतात, म्हणजे ५० मिलिमीटरच्या दोराला ६० मीटर! दोर सहा पेडांचा, मधे प्लॅस्टिकचा गाभा. दोन्ही टोकांचे पेड उलगडायचे, समोरासमोर गुंतवायचे, मग एका बाजूचा पेड बाहेर काढत जायचा आणि त्याच्या रिकाम्या खोबणीत दुसऱ्या बाजूचा पेड त्याच पिळाने बसवत न्यायचा. शेवटी पेडांची बारा टोकं उरतात, ती गाभा काढून त्या जागी दोराच्या पोटात घालायची. पुढे हे सगळं नुसत्या घर्षणावर धरून राहतं, ताण वाढला की बाहेरचे पेड आतल्या टोकांना आणखी घट्ट आवळतात. १६४४ साली आजच्या पोलंडमधल्या ग्डान्स्कला आडाम वीबे नावाच्या इंजिनिअरने मातीच्या टोपल्या वाहायला खांबांवरून दोराचा अखंड वेढा फिरवला होता, तो साध्या दोराचा, तारेचा दोर तर १८३४ मधे जर्मनीतल्या खाणींसाठी आला. वेढ्याची कल्पना इतकी जुनी आहे.

जोडणारे एक वयस्कर काका होते, हाताखाली आठ-दहा माणसं. काका फार बोलत नसत, बोटाने दोराला टिचकी मारून ऐकायचे. मी प्रत्येक टोक आत जाताना फोटो काढत होतो, पाटी, टेप, नंबर. तिसऱ्या टोकाला त्यांनी सगळ्यांना थांबवलं आणि मला म्हणाले, "अरे, वरून काय काढतोस, गाभा कापलाय तिथे आत लेन्स घाल. टोक आणि गाभा यांच्यात फट किती राहिली ते उद्या कुणाला दिसणार नाही." मी अक्षरशः आडवा पडून, दोराच्या ग्रीसमधे गाल लावून तो फोटो काढला. उरलेल्या नऊ टोकांचे तसेच काढले. संध्याकाळी त्यांनी व्हर्नियरने जोडाची जाडी मापली, वहीत लिहिली, आणि मग स्वतःहून म्हणाले की ते फोटो मलापण पाठव. ती मला मिळालेली सगळ्यात मोठी पावती.

पुढचं लवकर सांगतो. केबिन आल्या. वर लाइनवर दोर सेकंदाला ६ मीटरने पळतो, पण स्टेशनात केबिनची पकड सुटते आणि टायरांच्या रांगेवरून ती सेकंदाला ०.३ मीटर इतकी सावकाश सरकते, म्हणून लहान मूलसुद्धा चढू शकतं. पकड परत दोर धरते तेव्हा स्प्रिंगचा जोर प्रत्येक वेळी मशीन तपासतं, कमी वाटला की लाइन थांबते. लोड टेस्टला केबिनमधे माणसांऐवजी पाण्याचे कॅन भरले होते, आणि भरलेली लाइन पूर्ण वेगात असताना ब्रेक मारून बघितले. सगळ्या केबिन एकदम झुलल्या, खाली उभे असलेले आम्ही श्वास धरून होतो. काका तेव्हा केबिनींकडे बघतच नव्हते, ते खाली मान घालून मोठ्या चाकावरून त्यांचा जोड कधी जातोय ते बघत होते.

व्हिडिओ पण झाला, तीन मिनिटांचा, छान झाला, लोकांना आवडला. पण त्यानंतर आम्हाला जी कामं मिळाली ती व्हिडिओमुळे नाही, फाइलमुळे. त्या इंजिनिअरबाईंनीच दुसऱ्या दोन लाइनींसाठी नाव सुचवलं. नवा दोर चालता चालता ताणला जातो, मग तो थोडा कापून परत जोडावा लागतो, त्या जोडालाही काकांनी आम्हालाच बोलवलं. आता आम्ही फक्त झाकलं जाणारं काम घेतो, पाये, अँकर, अर्थिंग, जोड. उद्घाटनाचे व्हिडिओ कुणी मागितले तर ओळखीच्या पोरांकडे पाठवतो.

सध्या एका नव्या लाइनवर आहोत, २१ टॉवर, त्यातले सहा रस्त्यापासून लांब. नऊ नंबरचं ओतकाम उद्या पहाटे सहाला आहे. धाकटा पाटी, खडू आणि टेप घेऊन आज दुपारीच वर झोपायला गेलाय.