रिले व्हॉल्व्ह बिचारा निर्दोष होता

माझ्या ट्रकच्या एअर ब्रेकमधला, हवेतलं पाणी काढणारा एअर ड्रायर शिंकला की मला बरं वाटायचं. फस्स असा आवाज आला म्हणजे हवेच्या टाक्या भरल्या, दाबावर नजर ठेवणाऱ्या गव्हर्नरने हवा भरणाऱ्या कंप्रेसरला विश्रांती दिली, ड्रायरने साठलेलं पाणी बाहेर टाकलं. पण मध्यंतरी तो दर तीन मिनिटांनी शिंकायला लागला. सरळ रस्ता, ब्रेकला पायसुद्धा लागलेला नाही, तरी फस्स. घड्याळ लावावं तसा.

पहिले काही दिवस मी दुर्लक्ष केलं, कारण सकाळी गाडी काढताना हवा जवळजवळ पूर्ण असायची. रात्रभर टिकते म्हणजे लीकेज नाही, असा माझा हिशोब. हाच हिशोब मला नंतर महागात पडला.

शेवटी सपाट जागा बघून गाडी लावली, पुढच्या-मागच्या चाकांना ओट, म्हणजे गाडी सरकू नये म्हणून अडसर, लावले. हे आधी, बाकी सगळं नंतर, कारण तपासणी हँडब्रेक सोडून करायची असते. इंजिन चालू ठेवून हवा १२० पीएसआय दाबाला नेली, इंजिन बंद केलं, हँडब्रेक सोडला आणि गेजकडे बघत बसलो. एका मिनिटात ११२. ट्रेलर नसलेल्या ट्रकला, पायब्रेक न दाबता, मिनिटाला फार तर २ पीएसआय उतरलेलं चालतं; पायब्रेक दाबून धरला तर ३. माझे ८ चालले होते. गव्हर्नर १०० ला कंप्रेसर पुन्हा चालू करतो, म्हणजे २० पीएसआय संपायला अडीच मिनिटं आणि भरायला थोडा वेळ. तीन मिनिटांच्या शिंकेचं गणित बसलं.

आता हवा जाते कुठून? बादलीत साबणाचं पाणी केलं, ब्रश घेतला आणि गाडीखाली सरकलो. एका नायलॉन पाइपच्या जोडावर बारीक फेस आला. पाइपचं टोक सरळ कापून पुन्हा बसवलं, फेस बंद. खूश होऊन गेज बघितलं तर मिनिटाला तेच ८.

पुन्हा खाली. या वेळी ब्रश ठेवून कान लावला. मागच्या ॲक्सलच्या वर रिले व्हॉल्व्ह असतो. पायाखालचा व्हॉल्व्ह पुढे केबिनमध्ये आणि चाकं पार मागे. एवढ्या लांबून हवा ढकलायची तर ब्रेक उशिरा लागेल. म्हणून पुढून फक्त इशारा येतो आणि रिले व्हॉल्व्ह जवळच्या टाकीतली हवा चाकांना देतो. पाय काढला की तीच हवा तो स्वतःच्या तळाच्या भोकातून बाहेर सोडतो. त्या भोकातून सतत बारीक सुस्कारा येत होता. साबण लावला तर लिंबाएवढा फुगा. चोर सापडला! रिले व्हॉल्व्हची सीट, म्हणजे आतली झडप टेकते ती जागा, खराब, दुसरं काय असणार?

टाक्या रिकाम्या करून नवा व्हॉल्व्ह बसवला. अर्धा दिवस गेला, कारण जुने जोड गंजून एकजीव झाले होते. हवा भरली, हँडब्रेक सोडला, खाली डोकावलो. नव्या कोऱ्या व्हॉल्व्हच्या भोकातून तोच सुस्कारा.

मी आधी नव्या व्हॉल्व्हला शिव्या घातल्या. मग मिस्त्रींना फोन केला. गाडीच्या बाबतीत ते फार बोलत नाहीत, प्रश्न विचारतात.

"हँडब्रेक ओढल्यावर आवाज येतो का?"

"ते नाही बघितलं."

"बघ. मग फोन कर."

ओढला. आवाज गेला. सोडला, दोन क्षणांत पुन्हा सुरू. चार वेळा करून बघितलं, चारही वेळा तेच. आणि तेव्हा डोक्यात प्रकाश पडला की रात्रभर हवा का टिकत होती. रात्री हँडब्रेक ओढलेला असतो!

मागच्या चाकांचे चेंबर डबल असतात, पाठीला पाठ लावलेल्या दोन खोल्यांसारखे. एका खोलीत पायब्रेकची हवा येते, डायफ्रॅमला, म्हणजे रबरी पडद्याला, ढकलते, दांडा बाहेर येतो आणि ब्रेक लागतो. दुसऱ्या खोलीत जबरदस्त ताकदीची स्प्रिंग असते आणि तिथला कारभार उलटा. हवा असेल तर स्प्रिंग दाबलेली राहते, ब्रेक सुटलेला. हँडब्रेक ओढला की ती हवा बाहेर जाते आणि स्प्रिंग ब्रेक लावते. वाटेत हवा फारच उतरली तरी, साधारण ४५ ते २० पीएसआयच्या दरम्यान, स्प्रिंग आपणहून ब्रेक लावते. त्याच्या कितीतरी आधी, ६० च्या आसपास, केबिनमधला बझर ओरडायला लागलेला असतो.

या दोन खोल्यांमधल्या भिंतीतून एक दांडा जातो आणि त्याच्याभोवती रबरी सील असतं. ते सील गेलं की हँडब्रेक सोडलेला असताना स्प्रिंगच्या खोलीतली हवा शेजारच्या खोलीत शिरते. तिथून बाहेर पडायला वाट एकच, पायब्रेकच्या होजने उलटं वर, रिले व्हॉल्व्हपर्यंत, आणि त्याच्या भोकातून बाहेर. व्हॉल्व्ह बिचारा फक्त दार होता. घर दुसरंच गळत होतं.

मागे दोन ॲक्सल, म्हणजे चार डबल चेंबर. कुठला, ते शोधायची रीत सोपी आहे: हँडब्रेक सोडलेला ठेवायचा (ओट लावलेलेच) आणि पायब्रेकचा होज एकेका चेंबरवरून काढायचा. चेंबरच्या तोंडातून हवा आली तर तोच. डाव्या बाजूचे दोन्ही कोरडे. उजवीकडचा पुढचा कोरडा. चौथ्याच्या तोंडाशी तळहात धरला तर गार वारा, आणि हात मागे घेतला तेव्हा त्यावर करडा, चिकट ओलावा. तो ओलावा बघून मिस्त्रींना दुसरा फोन करावा लागणार हे कळलं, पण आधी चेंबर.

डबल चेंबर बदलताना एका बाबतीत हुशारी चालत नाही. स्प्रिंगच्या बाजूचा डबा कधीही उघडायचा नाही. आतली स्प्रिंग मोकळी झाली तर डब्याचं झाकण माणसाचा जीव घेऊ शकतं. चेंबरच्या बगलेत एक लांब बोल्ट ठेवलेला असतो. मागची टोपी काढून तो आत घालायचा, पाव वळसा देऊन अडकवायचा आणि नट आवळून स्प्रिंग जखडून टाकायची. हँडब्रेक सोडून आत हवा असतानाच हे केलं तर स्प्रिंग आधीच दबलेली असते आणि नट हलका फिरतो. चौथ्या चेंबरची गळती एवढी नव्हती की ती हवा स्प्रिंगला धरणार नाही, म्हणून काम निभावलं. मग टाक्या शून्यावर आणून चेंबर उतरवला.

नव्या चेंबरचा दांडा लांब येतो, जुन्याच्या मापाने कापावा लागतो. ब्रेक दाबल्यावर दांडा आणि स्लॅक ॲडजस्टर (दांड्याचा जोर ब्रेकला देणारी आणि ब्रेकमधलं अंतर राखणारी तरफ) यांच्यात काटकोन व्हायला हवा. तो बिघडला की हवा तीच असून चाकाला जोर कमी मिळतो. मी दोनदा मोजून एकदा कापला. स्लॅक ॲडजस्टरचा षटकोनी नट ब्रेकचं लायनर ड्रमला टेकेपर्यंत फिरवला आणि अर्धा वळसा मागे घेतला. मग हवा भरून जखडबोल्ट सोडला. तो तिथेच विसरला तर त्या चाकाला हँडब्रेक नसतो आणि गाडी तसं सांगत नाही.

गेज: १२० वरून मिनिटभरात काटा हललेला दिसला नाही.

आता तो करडा ओलावा. ड्रायरनंतरच्या पहिल्या टाकीचा, जिला ओली टाकी म्हणतात, तळाचा ड्रेन कॉक उघडला तर आधी दुधाळ, राखाडी पाणी आलं आणि मागून चक्क तेल. कंप्रेसर तेल फेकत होता, ड्रायरचं पाणी शोषणारं कार्ट्रिज कधीचं भिजून निकामी झालं होतं आणि ते सगळं पुढे सीलपर्यंत पोचत होतं. कार्ट्रिज बदललं. कंप्रेसरपासून ड्रायरकडे जाणारा पाइप काढला तर आत कार्बनचा थर, बोट जाणार नाही इतका. कंप्रेसरच्या रिंगा मिस्त्रींनी केल्या. त्यात माझं काम पाने हातात देण्याचं. ते काम आधी केलं असतं तर कदाचित सीलही वाचलं असतं, असं ते म्हणाले, आणि मला ते पटलं.

जाता जाता त्यांनी खडू दिला आणि चारही दांड्यांवर खुणा करायला लावल्या. केबिनमध्ये बसून त्यांनी ९० पीएसआयने ब्रेक दाबला, मी खाली मोजलं. माझ्या गाडीसारख्या ३० नंबरच्या, साध्या स्ट्रोकच्या चेंबरला दांडा दोन इंचांपर्यंत बाहेर आलेला चालतो. नव्याचा दीड, दोघांचा पावणेदोन आणि डावीकडच्या मागच्याचा सव्वादोन. मी लगेच पाना घेऊन स्लॅक ॲडजस्टर फिरवायला निघालो.

"तो ऑटोमॅटिक आहे ना? मग स्वतः का नाही आवळला त्याने?" मिस्त्री.

स्लॅक ॲडजस्टर ज्यावर बसतो तो, ब्रेक लायनर ड्रमवर दाबणारा कॅम शाफ्ट धरून हलवला. शाफ्टला धरणारं बुश झिजलेलं होतं, शाफ्ट खाली-वर होत होता. पाना फिरवून त्या दिवशी माप बरोबर दाखवता आलं असतं, पण ते किती दिवस टिकलं असतं? बुश येईपर्यंत गाडी उभी ठेवली. जुना रिले व्हॉल्व्ह मी त्या वेळात साफ करून, तपासून टूलबॉक्समध्ये ठेवून दिलाय. एकदम ठणठणीत आहे.